मले अडवा

शेंडेकाकांची आणि माझी ओळख एका भाजीच्या डब्यावरून झाली. राईस मिलच्या ऑफिसात कम्प्युटरवर बसायला लागून मला जेमतेम तीन दिवस झाले होते. दुपारी एक उंच, वाळकेसे गृहस्थ आत आले. खाकी शर्ट, खिशाला तीन पेनं. ओळख ना पाळख, त्यांनी डब्याचं झाकण काढलं आणि डबा सरळ माझ्या नाकाखाली धरला.

"बाई, वास घेऊन सांग. वांग्याची भाजी हाय. चालते का फेकू?"

मी स्वभावाने तिरसट आहे, हे आधीच कबूल करते. माझ्या टेबलावरचं पेन कोणी न विचारता उचललं तरी दिवसभर माझं डोकं फिरलेलं असतं. इथे तर नाकात वांगं. मी खुर्ची मागे सरकवून म्हटलं, "तुम्हाला नाक नाही का?"

"हाय. पन फक्त चष्मा ठेवाले," ते म्हणाले. "मले वास येत नाई. काकू डबा चांगलाच देते, पन उन्हानं भाजी बिघडली त मले मालूम पडत नाई. तुझ्या आंधी अथी एक बाबू होता, तो सांगे. तो गेला. आता तू."

अशी माझी नेमणूक झाली. पगार सेठ देत होते तो कम्प्युटरचा, पण पुढची सात वर्षं रोज दुपारी सव्वा वाजता मी एका माणसाचं नाक म्हणून काम केलं. भाजी बिघडलेली असली की मी नुसती मान हलवायची. मग काका डबा बंद करून कोरडी पोळी आणि मिरची खायचे आणि काकूला काही सांगायचे नाहीत.

त्यांचं नाक तरुणपणी गेलं होतं. तेव्हा ते कुठल्याशा पाण्याच्या टाकीवर कामाला होते. पाणी शुद्ध करायच्या गॅसचं सिलिंडर गळत होतं आणि ह्यांना कोणीच सांगितलं नव्हतं की तिकडे जायचं नसतं. काका वाकून बघायला गेले. जीव वाचला, वास गेला. ही गोष्ट ते इतक्या मजेत सांगायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, लग्नातल्या पंगतीची हकीकत चालली आहे. शेवटी म्हणायचे, "नाक देल्लं आन अक्कल घेतली. सौदा काही वाईट नाई झाला."

मिलमध्ये ते स्टोअर सांभाळत. पट्टे, ग्रीस, बेअरिंग हे तर होतंच, पण त्यांचा खरा जीव गुंतलेला होता तो डब्यांमध्ये. बॉयलर साफ करायचं तेजाब, ब्लिचिंग पावडर, कॉस्टिक, आणि लोखंडी कपाटात कुलुपाआड गॅसच्या गोळ्या. ज्यांनी भाताचं गोदाम पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. पोत्यांच्या छतापर्यंत थप्प्या लागतात आणि त्यात सोंडे पडतात. मग थप्पीवर ताडपत्री टाकायची, तिच्या कडांवर वाळू भरलेल्या लांब पिशव्या ठेवायच्या, आणि गोंदियाहून येणारी लायसनवाली पार्टी आत गोळ्या ठेवून जाते. हवेतल्या ओलीने गोळीचा गॅस होतो आणि सोंडे मरतात. माणूस आत गेला तर माणूसही मरतो. म्हणून दाराला लाल दोरी बांधायची, तिच्यावर कवटीची पाटी अडकवायची, आणि काही दिवस तिकडे फिरकायचं नाही.

काकांचा नियम एकच होता. आधी कागद, मग डबा. प्रत्येक रसायनाचा एक माहितीचा कागद असतो, कंपनीने तो द्यायचा असतो, त्यात सोळा कलमं असतात. डब्यात काय आहे, अंगावर पडलं तर काय करायचं, कशाशेजारी ठेवायचं नाही, आग लागली तर कशाने विझवायची, असं सगळं. तो कागद हातात आल्याशिवाय काका नवा डबा स्टोअरच्या उंबऱ्याच्या आत घेत नसत. एकदा बॉयलरच्या औषधाचा एक ड्रम अकरा दिवस बाहेर शेडखाली उभा होता. सेठ रोज येता-जाता त्याच्याकडे बघायचे आणि काकांकडेही बघायचे. काका दोघांनाही नमस्कार करायचे.

हे कागद शोधायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. आधी मी कंपन्यांना ईमेल लिहिले. उत्तरं येईनात. मग काकांनी ड्रमवरचा नंबर लावला आणि फोन माझ्या टेबलावर स्पीकरवर ठेवला. बराच वेळ बासरी वाजत राहिली. मधून मधून ती ठरलेली बाई हिंदीत म्हणायची, आपका कॉल हमारे लिए महत्वपूर्ण है. काका दरवेळी अदबीने उत्तर द्यायचे, "हौ बाई, मायासाठीबी हाय. म्हनून त केला." मी तोंडावर रुमाल धरून बसले होते. शेवटी एक खरा माणूस आला आणि त्याने विचारलं, आप डीलर हैं क्या?

"नहीं साहब," काका म्हणाले, "मैं स्टोरवाला हूँ. आपका डिब्बा मेरे बाजू में रहता है. पड़ोसी कौन है, कैसा है, ये पूछना पड़ता है कि नहीं?"

तो माणूस हसला आणि संध्याकाळपर्यंत कागद आला. काकांची कागद मिळवायची तऱ्हाच तशी होती. कारखाना निरीक्षकांच्या ऑफिसात ते तासभर बाकावर बसून राहत. कृषी मेळाव्यात सगळे फुकटच्या टोपीसाठी रांगेत, आणि हे स्टॉलवाल्याला विचारत, टोपी राहू द्या, कागद आहे का? जमवलेले सगळे कागद ते एका पत्र्याच्या पेटीत ठेवायचे. ही पेटी काकूंच्या माहेरून आलेली, लग्नातली. काकू म्हणायच्या, "माया शालू काढून त्याइनं तेजाब ठेवलं तथी." म्हणायच्या मात्र कौतुकाने.

कागद इंग्रजीत असायचा. मी त्याचा अर्थ लावून आधी हिंदीत आणि मग मराठीत लिहायची. आमच्या घरी मराठी नीट लिहिण्यावर बाबांचा फार कटाक्ष होता, ते कलेक्टर ऑफिसात होते आणि दुसऱ्यांच्या अर्जातल्या चुका काढण्यात त्यांचा जन्म गेला. ती शिस्त माझ्यात उतरलेली. मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं, श्वसनमार्गाची जळजळ होऊ शकते. काकांनी वाचलं, चष्मा काढला.

"हा श्वसनमार्ग कोनाच्या घराकडून जाते?"

"म्हणजे छाती हो, काका."

"मंग छातीत आग होते, असं लिही ना. आन होऊ शकते काहून? होते म्हन. होऊ शकते म्हटलं का आमचा मानूस समजते का त्याले नाई होनार."

मी चिडून खोडलं. घरी जाऊन बाबांना दाखवलं तर ते म्हणाले, त्यांचं वाक्य बरोबर आहे. त्या दिवशी मी दोघांशीही बोलले नाही.

आता शिकवण्याबद्दल. सेठने वर्षातून अर्धा तास दिला होता. सगळ्यांना उभं करायचं, काय सांगायचं ते सांगायचं, रजिस्टरवर अंगठे घ्यायचे, संपलं. काकांनी तो अर्धा तास घेतलाच नाही. त्याऐवजी त्यांनी जेवणाची सुटी घेतली. गोळ्यांचा हंगाम यायच्या आधी सोळा दिवस, कडुनिंबाखाली, जेवण झाल्यावर दहा मिनिटं. लाकडी स्टूल मांडायचं, ते पुसायचं, त्यावर कागद ठेवायचा आणि रोज एक कलम वाचायचं. त्यांच्या गावी पोथीचं पारायण जसं चालतं तसंच. हमाल, मशीनवाले, झाडणाऱ्या आणि पोती शिवणाऱ्या बाया, सगळे पाय दुमडून बसायचे. सोळाव्या दिवशी समाप्ती, आणि प्रसाद म्हणून मुरमुरे, फुटाणे आणि गुळाचा खडा. लोक आधी गुळासाठी आले असतील, त्याला माझी ना नाही.

वाचून झालं की काका एकाकडे बोट करून विचारायचे, "काहून?" म्हणजे, का? गोळीच्या डब्याला ओला हात लावायचा नाही. काहून? तेजाब पाण्याच्या बाटलीत भरायचं नाही. काहून? ज्याला काहून सांगता आलं नाही त्याला दुसऱ्या दिवशी परत तेच कलम. ते म्हणायचे, "नियम पाठ नोका करू. नियम मानूस इसरून जाते. त्याचं काहून पाठ करा." आणि नाकाचंही हमखास सांगायचे. गोळीच्या गॅसला लसणासारखा वास येतो म्हणतात, पण वासाची वाट पाहत बसू नका, वास येईलच असं नाही, आणि आला तोवर उशीर झाला असेल. "मायाकडे पाहा. म्या नाकावर भरवसा ठेवला, आता भाजी त्या बाईले दाखवा लागते." मग सगळे माझ्या खिडकीकडे बघून हसायचे.

ह्या पारायणात एक बाई सगळ्यांच्या मागे, आडवी बसायची. सयत्रा. झाडण्याचं काम करी. पदर नाकापर्यंत ओढलेला, तोंड भिंतीकडे. मुकद्दम झनकलालला वाटायचं की हिचं लक्षच नाही, आणि सुरुवातीला मलाही तसंच वाटलं. खरा प्रकार वेगळा होता. सयत्रा काकांच्याच गावची सून होती, कटंगीकडची. तिचा नवरा गावाच्या नात्याने काकांचा धाकटा भाऊ लागे. म्हणजे काका तिचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. आणि भासऱ्यासमोर बाईने बोलायचं नाही, तोंड दाखवायचं नाही, सावलीलाही शिवायचं नाही, हा त्यांच्या गावचा रिवाज.

पण तिला प्रश्न फार पडायचे. मग ती शेजारणीच्या कानाशी म्हणायची, "त्यायले इचार, उंदरानं ताडपत्री कातरली त कसं मालूम पडन?" शेजारीण मोठ्याने विचारायची. आणि काका, सगळं स्पष्ट ऐकू आलेलं असताना, शेजारीण संपेपर्यंत थांबायचे आणि मग कडुनिंबाकडे बघून उत्तर द्यायचे, "तिले सांगा, सवाल चांगला हाय. ताडपत्री टाकायच्या आंधी उजेडात धरून पाहाची." चार हातांवर बसलेल्या दोन माणसांचं बोलणं असं एका बाईकडून आणि एका झाडाकडून चालायचं. मला हसू आवरत नसे. एकदा मी सयत्राला विचारलंच, इथे मिलमध्ये कुठलं आलंय गाव, सरळ का नाही बोलत?

"भासरा मिलमधीबी भासराच असते, बाई," ती म्हणाली. माझा प्रश्नच तिला वेडगळ वाटला होता.

ह्या रिवाजाने एकदा काकांचा घाम काढला. भर उन्हाळा होता. एका गोदामात गोळ्या पडून दोन दिवस झालेले. त्या गोदामाची भिंत उत्तरेकडची, थंडगार. सयत्रा झाडता झाडता दमली आणि दोरीच्या अलीकडे, अगदी दाराच्या फटीला टेकून झोपी गेली. काकांनी लांबून पाहिलं. धावत गेले आणि पाच पावलांवर थबकले. नाव घेऊन हाक मारायची नाही, हात लावून उठवायचं तर त्याहून नाही. मी खिडकीतून बघत होते, मला कळेना हे उभे का आहेत. मग त्यांनी शेजारचा रिकामा पत्र्याचा डबा उचलला आणि काठीने बडवायला लागले. इतका बडवला की अख्खी मिल गोळा झाली, सेठ जेवणावरून उष्टा हात तसाच घेऊन बाहेर आले, आणि सयत्रा दचकून उठली व पदर सावरत लांब पळाली.

सगळे हसले. काकाही हसले, पण नंतर माझ्या टेबलासमोर येऊन बसले. पाणी प्यायले. म्हणाले, "रिवाज आडवा आला त म्या डबा वाजवला. पन उद्या तिच्यावर पाळी आली, कोनाले अडवाची, आन तिच्यापाशी डबा नसला त?"

तिथून त्यांच्या डोक्यात ते बसलं. कागद मिळाले, वाचून झाले, काहूनसुद्धा पाठ झालं, पण वेळ आल्यावर ह्यातला एक तरी माणूस दुसऱ्याला अडवेल का? त्यातही मोठ्या माणसाला? ह्यासाठी त्यांनी एक परीक्षा काढली. सोळा दिवसांचं पारायण संपलं, गोदामाला दोरी लागली, की दुसऱ्या दिवशी काका खुशाल दोरीच्या दिशेने चालू लागायचे. कोणी अडवतं का ते पाहायचं. आपण स्वतः दोरीपाशी थांबायचं हे अर्थात त्यांनी ठरवलेलं असे.

कोणी अडवत नसे. हमाल बाजूला होऊन वाट द्यायचे. "रामराम काका" म्हणायचे. एकाने तर दोरी हाताने वर उचलून धरली, काकांना वाकायला त्रास नको म्हणून. काका दोरीपाशी उभे राहून कपाळाला हात लावायचे.

"अरे, सोळा दिवस ऐकलं आन सतराव्या दिवशी रामराम करता? रामराम नोको. मले अडवा."

"तुमाले कसं अडवाव काका," झनकलाल म्हणायचा, "तुमी त मोठे."

"मोठ्याले गॅस लागत नाई का?"

सगळे हसायचे, मान डोलवायचे, आणि पुढच्या वर्षी परत रामराम. माणसं वाईट नव्हती. वडीलधाऱ्याची वाट अडवायची नसते हे त्यांना सोळा दिवसांत नव्हे, जन्मापासून शिकवलेलं होतं. काकांना हे कळत होतं म्हणून ते रागावत नसत. पण त्या दिवशी त्यांना भाजी चांगली असली तरी जात नसे, हे मी पाहिलं आहे.

दसऱ्याला मिलमध्ये यंत्रांची पूजा असते. पंडितजी पुढे, सेठ मागे कलश घेऊन, आंब्याच्या पानाने प्रत्येक मशीनवर पाणी शिंपडत जायचं, शेवटी नारळ. त्या वर्षी सेठचा व्यवसाय बरा चालला होता, म्हणून ते सढळ हाताने शिंपडत निघाले होते. मशीनं झाली, ट्रक झाला, माझा कम्प्युटरसुद्धा झाला, मी पटकन त्यावर फाईल धरली. मग पंडितजी म्हणाले, भंडार पण करून टाकू. आणि दोघे स्टोअरकडे वळले. तिथे कपाट उघडं होतं, कारण काकांनी नुकताच नव्या डब्यांचा हिशेब लावायला घेतला होता. गोळ्या आणि पाणी. पारायणातलं पाचवं कलम, आग; आणि दहावं, काय कशाशेजारी न्यायचं नाही. चाळीस माणसांना ते पाठ होतं. चाळीस माणसं आपापल्या पायांकडे बघत उभी होती.

काका दारात जाऊन उभे राहिले, दोन्ही हात चौकटीला.

"शेंडेजी, हटिए," सेठ म्हणाले.

"नहीं सेठजी. यहाँ पानी नहीं."

"मेरी ही मिल में मुझे रोकोगे?"

"आपको ही रोकना है. बाकी लोग तो अपने आप रुक जाते हैं."

सेठचा चेहरा लाल झाला. पंडितजी कलशाकडे बघत होते, कलशातून थेंब गळत होते. नोकरी जाते की काय असं मला वाटलं. पण काकांनी आवाज चढवला नाही. त्यांनी पंडितजींना विचारलं, महाराज, अक्षता चालतील का? हळद-कुंकू आहे, तेही कोरडं आहे. पंडितजी सुटकेचा श्वास टाकत म्हणाले, शास्त्रात अक्षतांना पाण्याइतकाच मान आहे. मग कपाट बंद झालं, कुलूप लागलं, कुलुपाला कुंकू लागलं, सेठने अक्षता टाकल्या. दोन वर्षांत सेठ पाहुण्यांना अभिमानाने सांगू लागले की हमारे यहाँ स्टोर की पूजा सूखी होती है, मेरा ही नियम है. काका शेजारी उभे राहून मान हलवायचे.

एकदा सेठचं हे ऐकून मी त्यांना म्हटलं, काका, त्या दिवशी तुम्ही जिंकलात. ते म्हणाले, "म्या अडवलं, त्याले काय लागते? मी त कागद घेऊनच जन्मलो. मी नसताना कोन अडवन ते सांग." त्यांच्या निवृत्तीला तेव्हा थोडेच महिने राहिले होते.

निवृत्तीचा दिवस उजाडला. सकाळपासून काका माझ्या टेबलापाशी किल्ल्यांची यादी करत होते, कुठली किल्ली कशाची ते मी टाईप करत होते. बाहेर झनकलाल मांडव घालत होता, कमान उभी करत होता, हार्दिक बिदाई असा कापडी फलक आणलेला. आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं ते हे, की गोंदियाची पार्टी ठरल्याच्या एक दिवस आधीच आली होती आणि सकाळी सकाळी, मुकद्दमाकडच्या जादा किल्लीने उघडून, दोन नंबरच्या गोदामात स्वतः आणलेल्या गोळ्या ठेवून गेलीही होती. शेवटच्या दिवशी काकांना कशाला त्रास, म्हणून कोणी सांगितलं नाही. पार्टीने दोरी बांधली, पाटी लावली. आणि तासाभराने झनकलालला कमान बांधायला दोरी कमी पडली. ती लाल दोरी चांगली मजबूत होती. त्याने ती सोडली, पाटी भिंतीला टेकवून उलटी ठेवली, आणि काकांच्याच निरोपाची कमान त्या दोरीने ताणून बांधली. काम झाल्यावर दुसरी दोरी आणून लावणारच होतो, असं तो नंतर शपथेवर सांगत होता.

हार घालायच्या आधी काकांना आठवलं, आपली छत्री दोन नंबरच्या गोदामात खुंटीला आहे. किल्ल्यांचा जुडगा अजून त्यांच्याच हातात होता. ते निघाले. मांडवात सगळे जमलेले. काकांना येताना पाहून लोक उठून उभे राहिले, दोन्ही बाजूंना झाले, हात जोडले. काकांनीही हात जोडले. कोणाच्या डोळ्यांत पाणी होतं. आणि काका त्या जोडलेल्या हातांमधून सरळ गोदामाच्या दाराकडे चालले होते. तिथे त्यांना दोरी दिसत नव्हती, पाटी दिसत नव्हती, आणि वास तर कधीच येणार नव्हता. मी ऑफिसच्या पायरीवर उभी होते. मला काहीच माहीत नव्हतं. मीही हसतच बघत होते.

त्यांनी किल्ली कुलुपात घातली तेव्हा सयत्रा धावली. तिच्या हातात झाडू होता, तो तिने वाटेत टाकला. ती काकांच्या आणि दाराच्या मधे घुसली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. पदर तसाच नाकापर्यंत. तिने मांडवाकडे बघून हाक मारली, "अवो बायांनो, यायले सांगा ना..." पण बाया लांब होत्या, वाजंत्रीवाल्याने नेमकं तेव्हाच वाजवायला सुरुवात केली होती, आणि काकांना काही कळलं नव्हतं, ते धाकट्या भावजयीला शिवायला नको म्हणून बाजूने हात लांबवून किल्ली फिरवतच होते. तिने त्यांच्या शर्टाची बाही घट्ट धरली.

"भासरेजी, थांबा. आत जाऊ नोका."

इतक्या वर्षांतलं तिचं त्यांच्याशी पहिलं बोलणं. वाजंत्री थांबली. काका तिच्या हाताकडे बघत राहिले, मग सवयीने त्यांच्या तोंडून निघालं, "काहून?"

"सकाळीच गोळी पडली. दोरी झनकलालनं कमानीले बांधली."

काकांनी किल्ली काढून घेतली. चार पावलं मागे सरकले आणि तिथेच जमिनीवर मांडी घालून बसले. मला वाटलं चक्कर आली, मी धावले. जवळ गेले तर ते हसत होते. चष्मा हातात, डोळे वाहताहेत आणि हसताहेत. मला म्हणाले, "पाह्यलं का बाई? मले अडवलं." झनकलालला कोणी रागावण्याआधीच त्याने कमानीवर उडी मारून दोरी सोडली. फलक एका बाजूने कोसळला आणि 'हार्दिक' तेवढं वर राहिलं. दोरी दाराला गेली, पाटी सुलटी झाली. त्या अर्ध्या फलकाखाली सेठने भाषण केलं, शाल दिली, नारळ दिला. काकांना बोलायला सांगितलं तर ते म्हणाले, मायं झालं.

आता ते गावी असतात. फवारणीच्या औषधांचे कागद पाहिजेत म्हणून मला फोन करतात, मी चिडते आणि शोधते. पत्र्याची पेटी त्यांनी मिलमध्येच ठेवली. वाचायला मी, आणि काहून विचारायला सयत्रा. ती आता पुढे बसते.

पण मला ते आठवतात ते त्या दुपारचे. समारंभ संपला, काकांनी शाल आणि नारळ सयत्राकडे न बघता तिच्यासमोर दोन हातांवर जमिनीवर ठेवले आणि मागे सरले. तिने तिथूनच वाकून नमस्कार केला. मग काका मोपेडवर बसले. छत्री राहिलीच होती. फाटक उघडलं, आणि उघड्या फाटकातून बाहेर जाण्याऐवजी त्यांनी मोपेड थांबवली, वळून आम्हा सगळ्यांच्या डोक्यांवरून कडुनिंबाकडे पाहिलं आणि मोठ्याने विचारलं,

"इचारा बापा कोनी तिले. आता जाऊ का?"

सयत्राचा पदर परत नाकापर्यंत आला होता. ती शेजारणीकडे वळली.

"त्यायले सांग," ती म्हणाली, "आता जा म्हनावं."